परसबागेत पाखरांचा वाटा

प्रस्तावना

बोरीवली म्हटले की आज डोळ्यांसमोर येते ते गजबजलेले रेल्वे स्थानक, दुतर्फा उंच इमारती आणि गृहनिर्माण संस्थांची रांग. बोरीच्या झाडांवरून या गावाला हे नाव पडले, असे जुनी माणसे सांगतात. वजिरा, एकसर, बाभई या गावठाणांभोवती एके काळी भातखाचरे, भाजीचे मळे आणि वाड्या होत्या. त्यातील बहुतेक जमीन आता बांधकामाखाली गेली आहे. राहिली आहे ती इमारतीभोवतीची चार-सहा फूट रुंदीची पट्टी, गच्ची आणि गॅलरीतील कुंड्या. एवढ्याशा जागेत फुलपाखरे, मधमाश्या, पक्षी यांना आसरा मिळू शकतो काय? मिळू शकतो. मात्र त्यासाठी बाग लावताना आणि विशेषतः कीड नियंत्रण करताना आपली नजर थोडी बदलावी लागते.

या लेखाचे निमित्त माझ्याच एका चुकीचे आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या सुरुवातीस बोरीवली पूर्वेस राहणाऱ्या मावशीकडे जाणे झाले. तिच्या कुंडीतील कढीपत्त्याची पाने अळ्यांनी जवळजवळ खाऊन टाकली होती. मी शेतीशास्त्र शिकवीत असल्याने तिने सल्ला विचारला. लिंबाच्या बागेत जी शिफारस आपण करतो तीच मी तिला सांगितली व औषधाचे नाव कागदावर लिहून दिले. दोन महिन्यांनी तिचा फोन आला. ती म्हणाली, "अगं, कढीपत्ता छान फुटला. पण खाली एक्झोऱ्यावर दर वर्षी येतात ती काळी-निळी पाखरं यंदा दिसलीच नाहीत."

एका कुंडीवरील फवारणीने सर्व फुलपाखरे नाहीशी झाली असे मुळीच म्हणता येणार नाही. चौकशी केली तेव्हा समजले की, संस्थेच्या बागेवरही माळी दर महिन्यास, कीड असो वा नसो, औषध मारीत असे. तरीही मावशीचे बोलणे मनाला लागले. वर्गात मी "लिंबावरील पाने खाणारी अळी" हा विषय शिकविते. तिचे नुकसान, तिचे नियंत्रण सांगते. पण तीच अळी पुढे बागेतील सर्वांत देखणे फुलपाखरू होते, ही गोष्ट तो कागद लिहिताना माझ्या मनात आली नव्हती. शेतातील पीक आणि घराजवळील बाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा मला त्या कुंडीने दिला. तोच आपणांपुढे मांडीत आहे.

बोरीवलीचे वेगळेपण

बोरीवलीच्या पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. पूर्वी ते बोरीवली राष्ट्रीय उद्यान या नावाने ओळखले जात असे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल मुंबई आणि ठाणे या दोन शहरांच्या मध्ये उभे आहे. विहार व तुळशी हे तलाव त्याच्या कुशीत आहेत. दहिसर, पोयसर, ओशिवरा, मिठी या नद्यांचा उगम याच डोंगरभागात होतो. फुलपाखरांच्या दीडशेहून अधिक जातींची नोंद येथे झालेली आहे. बिबट्या, चितळ, सांबर येथे आहेत, तसेच धनेश, हळद्या, तांबट, दयाळ असे अनेक पक्षी आहेत.

परंतु या जंगलाला चहूबाजूंनी वस्तीचा वेढा पडला आहे. फुलपाखराला किंवा शिंजीरासारख्या लहान पक्ष्याला सिमेंटची एक-दोन किलोमीटरची पट्टी ओलांडणे कठीण जाते. वाटेत खाणे नाही, पाणी नाही, विसावा नाही. अशा वेळी प्रत्येक इमारतीची लहानशी बाग ही ओढ्यातून पलीकडे जाताना पाय टेकण्यासाठी ठेवलेल्या दगडासारखी उपयोगी पडते. एक दगड ठेवून ओढा ओलांडता येत नाही. ओळीने दगड असावे लागतात. म्हणून हे काम एका हौशी माणसाचे नसून आळीचे, वसाहतीचे आहे.

दोन बोलकी उदाहरणे

याच राष्ट्रीय उद्यानाच्या पलीकडच्या, ठाण्याच्या अंगाला घोडबंदर रस्त्यावर ओवळा गाव आहे. तेथे श्री. राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या कुटुंबाच्या सुमारे दोन एकर जागेत फुलपाखरांची बाग तयार केली. ती ओवळेकर वाडी या नावाने ओळखली जाते. या बागेला जाळी नाही, छप्पर नाही. बाहेरून फुलपाखरे आणून सोडण्याचा प्रकारही तेथे नाही. अळ्यांना लागणारी झाडे आणि फुलपाखरांना लागणारी फुले एकाच ठिकाणी लावली, की शेजारच्या जंगलातून ती आपण होऊन येतात, अंडी घालतात व राहतात. शंभराहून अधिक जाती तेथे नोंदविल्या गेल्या आहेत. ओवळा भागातही आज मोठमोठे गृहप्रकल्प उभे राहिले आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन एकरांचे मोल समजते.

दुसरे उदाहरण धारावीजवळील महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचे. मिठी नदीकाठची सुमारे ३७ एकरांची ही जागा पूर्वी शहराचा कचरा टाकण्यासाठी वापरली जात होती. त्या जागेवर माती टाकून झाडे लावण्यात आली आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तेथे दाट झाडी असून पक्षी व फुलपाखरे मोठ्या प्रमाणावर आढळतात. कचऱ्याच्या ढिगावर जे शक्य झाले ते इमारतीच्या कुंपणाशी असलेल्या चांगल्या मातीत का होऊ नये?

अळी आणि फुलपाखरू वेगळे नाहीत

बहुतेक लोक फुलपाखरांसाठी फुलझाडे लावतात आणि तेथेच थांबतात. फुले ही खाणावळ आहे, घर नव्हे. फुलपाखरू फुलावर मध पिऊन निघून जाते. ते आपल्या बागेत वाढावे अशी इच्छा असेल तर अळीचे खाद्य असलेली झाडे लावावी लागतात. प्रत्येक जातीची मादी ठराविक झाडांवरच अंडी घालते, कारण तिची अळी दुसरा पाला खात नाही.

लिंबावरील फुलपाखराचे उदाहरण घेऊ. मादी कोवळ्या पानांवर फिकट पिवळसर, गोल अंडी एकेक करून घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते. लहानपणी ती तपकिरी-पांढरी, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. त्यामुळे पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मोठी झाल्यावर ती हिरवी होते. तिला डिवचले असता डोक्यामागून नारिंगी रंगाचे दोन शिंगांसारखे अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. दोन ते तीन आठवड्यांनी ती फांदीला कोष करते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा हा प्रवास साधारणतः महिनाभरात पूर्ण होतो.

याच लिंबूवर्गातील झाडांवर ब्लू मॉरमॉन अर्थात नीलवंत या फुलपाखराची अळीही वाढते. काळ्या मखमली पंखांवर निळी झाक असलेले हे फुलपाखरू आपल्या देशातील मोठ्या फुलपाखरांपैकी एक आहे. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. मावशी ज्याची वाट पाहत होती ते हेच. एका हाताने राज्य फुलपाखराचे कौतुक करावयाचे आणि दुसऱ्या हाताने लिंबाच्या रोपावरील प्रत्येक अळी मारावयाची, हे जुळणारे नाही.

पक्ष्यांचाही या अळ्यांशी संबंध आहे. चिमणी धान्य खाते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तिच्या पिलांना मऊ किडे व अळ्या लागतात. फुलातील मध पिणारा शिंजीरही पिलांना कोळी व किडे भरवितो. ज्या बागेत एकही अळी नाही, त्या बागेत दाणे टाकून पक्षी येतील, पण पिले वाढविणे त्यांना अवघड जाईल.

कोणती झाडे लावावीत?

जागेप्रमाणे निवड करावी. पुढील झाडे मुंबईच्या दमट हवामानात सहज येतात.

(अ) गॅलरी किंवा खिडकीतील कुंड्यांसाठी

१) कढीपत्ता, लिंबू : लाइम बटरफ्लाय, कॉमन मॉरमॉन. लिंबावर ब्लू मॉरमॉनही येतो.
२) पानफुटी : रेड पिएरो हे तांबडे-काळे, लहान फुलपाखरू. याची अळी जाड पानाच्या आत शिरून गर खाते.
३) कृष्णकमळ : टॉनी कॉस्टर.
४) तुळस : अळीचे खाद्य म्हणून नव्हे, तर मंजिरीवर येणाऱ्या लहान मधमाश्यांसाठी.

(ब) इमारतीभोवतीच्या पट्टीसाठी

१) रुई : प्लेन टायगर. रुईच्या चिकातील विषारी अंश अळीच्या अंगात साठतो, त्यामुळे पक्षी हे फुलपाखरू खाणे टाळतात. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये; लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून झाड दूर लावावे.
२) कण्हेर : कॉमन क्रो. हेही झाड विषारी असल्याने वरील काळजी घ्यावी.
३) सीताफळ : टेल्ड जे हे हिरव्या ठिपक्यांचे चपळ फुलपाखरू.
४) सापसंद : कॉमन रोझ व क्रिमझन रोझ. ही वेल कुंपणावर चढवावी.
५) टाकळा : पावसाळ्यात आपोआप उगवतो. ग्रास यलो व मॉटल्ड एमिग्रंट ही फुलपाखरे त्यावर वाढतात. तण म्हणून सर्व उपटू नये. एक कोपरा राखावा. कोवळ्या पाल्याची भाजीही होते.

(क) मोकळे आवार असल्यास

१) आंबा : कॉमन बॅरन.
२) बहावा : कॉमन एमिग्रंट. उन्हाळ्यात पिवळ्या झुंबरांची शोभा मिळते ती वेगळीच.
३) बोर : कॉमन पिएरो हे पांढऱ्यावर काळे ठिपके असलेले इवलेसे फुलपाखरू. फुलांवर मधमाश्या आणि फळांवर बुलबुल येतात. बोरीवलीत बोर लावण्यास आणखी कारण सांगावयास नको.
४) उंबर : फळांवर तांबट, बुलबुल, हळद्या व वटवाघळे येतात. मुळे पसरतात, म्हणून इमारत, पाण्याची टाकी व गटार यांपासून दूर लावावे.
५) खोटा अशोक : बहुतेक आवारांत तो आधीच असतो. टेल्ड जेची अळी त्यावरही वाढते. म्हणजे नवे झाड न लावताही सुरुवात झालेली असते.

लागवड जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावर करावी. इमारतीभोवतीच्या जमिनीत बांधकामाचा राडारोडा असतो. म्हणून झुडपांसाठी दीड-दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यातील विटांचे तुकडे व सिमेंट काढून टाकावे आणि चांगली माती व कुजलेले खत समप्रमाणात भरावे. कढीपत्ता, लिंबू यांसाठी किमान १४ ते १६ इंचांची कुंडी वापरावी व तळाशी पाण्याच्या निचऱ्याचे छिद्र ठेवावे.

मध, पाणी आणि आसरा

मधासाठी एक्झोरा, जास्वंद, सदाफुली, पेंटास, झेंडू, अबोली ही फुलझाडे लावावीत. फुलांचा हंगाम एकामागून एक येईल अशी निवड करावी. खूप पाकळ्यांच्या भरगच्च संकरित फुलांपेक्षा साध्या, एकेरी फुलांतील मध कीटकांना सहज मिळतो. घाणेरीवर फुलपाखरे येतात म्हणून ती मुद्दाम लावली जाते. परंतु ती अमेरिका खंडातून आलेली, जंगलात बेसुमार पसरणारी वनस्पती आहे व जनावरांना विषारी आहे. पक्षी तिच्या बिया दूरवर नेतात. राष्ट्रीय उद्यानाच्या शेजारी ती लावणे योग्य नाही.

पाण्यासाठी मातीचे पसरट भांडे ठेवावे. पाणी दोन इंचांपेक्षा खोल नसावे व मध्ये एखादा दगड असावा, म्हणजे लहान पक्षी व मधमाश्या बुडत नाहीत. पाणी दररोज बदलावे आणि भांडे घासून घ्यावे. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्यामुळे या बाबतीत हयगय चालणार नाही. शेजारी एका ताटलीत माती सतत ओलसर ठेवावी. नर फुलपाखरे अशा ओल्या मातीतून क्षार शोषून घेतात.

पालापाचोळा जाळू नये. कुंपणाच्या कोपऱ्यात त्याचा थर ठेवावा. त्यात कोष, गांडुळे, सापसुरळ्या, बेडूक यांना जागा मिळते आणि पुढे त्याचेच खत होते. वाळका ओंडका किंवा पोकळ बांबूचे तुकडे सावलीत टांगून ठेवल्यास भुंगे त्यात घर करतात. काही एकट्या राहणाऱ्या माश्या उघड्या मातीत बिळे करतात, म्हणून संपूर्ण आवारात फरश्या बसवू नयेत.

भाजीपाल्यास होणारा फायदा

गच्चीवर किंवा परसात भाजी लावणारे अनेकजण तक्रार करतात की, काकडीला फुले भरपूर येतात पण फळ धरत नाही. लहान फळे पिवळी पडून गळतात. याचे एक प्रमुख कारण परागीकरणाचा अभाव हे होय. वेलवर्गीय भाज्यांत नर व मादी फुले वेगळी असतात. नर फुलातील पराग मादी फुलापर्यंत कीटकांनीच न्यावे लागतात. काकडी, कारली, लाल भोपळा यांची फुले सकाळी उमलतात व मधमाश्या हे काम करतात. दुधी, दोडका, पडवळ यांची फुले सायंकाळी उमलतात. तेथे रात्री उडणाऱ्या पतंगांचा उपयोग होतो. पतंग म्हणजेही पूर्वीची अळीच.

वांगी व टोमॅटोच्या फुलातील पराग नळीसारख्या भागात बंद असतात. भुंगे व काही रानमाश्या फूल धरून पंखांच्या स्नायूंनी ते जोराने थरथरवितात, तेव्हा पराग बाहेर पडतात. मधमाशीला हे जमत नाही. म्हणून घराच्या वाशाला भोक पाडणारा काळा भुंगा दिसला की लगेच मारू नये; वांग्याच्या पिकास तो मदत करतो.

कीड नियंत्रण कसे करावे?

शेतात आपण आर्थिक नुकसानीची पातळी पाहून फवारणी करतो. घरच्या बागेत विक्रीचे उत्पन्न नसते, मग कोणत्या नुकसानीसाठी फवारावयाचे? पुढील मुद्दे ध्यानात ठेवावेत.

१) वाटा ठरवावा. कढीपत्त्याच्या दोन कुंड्या लावाव्यात. एक घरासाठी, एक अळ्यांसाठी. घरच्या झाडावर अळी दिसल्यास पानासह उचलून दुसऱ्या झाडावर ठेवावी. खळ्यावर पाखरांसाठी मूठभर दाणे राखण्याची आपली जुनी रीत आहे. हा त्याच रीतीचा नवा प्रकार समजावा.

२) मोठे झाड पाने गेली तरी पुन्हा फुटते. मात्र वर्षभराच्या आतील लहान रोप पूर्ण निष्पर्ण झाल्यास दगावू शकते. अशा रोपावर मच्छरदाणीचे कापड बांधावे किंवा अळ्या हाताने हलवाव्यात.

३) मावा, पिठ्या ढेकूण यांसाठी पाण्याचा जोराचा फवारा द्यावा, कापसाच्या बोळ्याने पुसून काढावे किंवा किडका शेंडा खुडून टाकावा. मावा खाणारे ढालकिडे व त्यांच्या अळ्या ओळखण्यास शिकावे. त्यांना कीड समजून मारले जाते.

४) सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी असे नाही. निंबोळी अर्क किंवा अळ्यांवरील जिवाणूयुक्त औषधे हानिकारक व देखण्या फुलपाखराच्या अळीत भेद करीत नाहीत. ती वापरावीच लागली तर केवळ रोगट झाडावर, सायंकाळी, फुले सोडून वापरावीत.

५) आंतरप्रवाही कीटकनाशके मुळांतून किंवा पानांतून झाडात भिनतात आणि फुलातील मधापर्यंत पोहोचतात. इमिडाक्लोप्रिड हे त्यांपैकी एक. मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळे युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्याच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपास असे औषध दिले होते काय याची चौकशी करावी.

६) आफ्रिकन गोगलगाय ही मात्र पावसाळ्यात मुंबईच्या बागांत खरी शत्रू ठरते. ती परदेशी असून जवळजवळ सर्व रोपे खाते. सायंकाळी ओले गोणपाट पसरून ठेवावे. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात व मिठाच्या पाण्यात टाकून नष्ट कराव्यात. तिच्यामार्फत रोगकारक कृमी पसरत असल्याने उघड्या हाताने स्पर्श करू नये.

काय टाळावे?

वन्यजीवांना आसरा देणे म्हणजे प्रत्येक प्राण्यास घराशी बोलावणे नव्हे. बोरीवलीत याचे भान विशेष ठेवावे लागते.

राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्तीत बिबट्या येतो तो प्रामुख्याने भटक्या कुत्र्यांमागे, आणि कुत्री जमतात ती उघड्यावरील कचऱ्यामागे. २००४ साली या भागात बिबट्याच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले, हे येथील लोक विसरलेले नाहीत. त्यानंतर २०११ मध्ये वन विभागाने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा लोकसहभागाचा उपक्रम सुरू केला. कचरा वेळेवर उचलणे, रस्त्यावर प्रकाश ठेवणे, रात्री मुलांना एकटे न सोडणे या साध्या गोष्टींवर त्यात भर देण्यात आला. म्हणून ओला कचरा बंद खड्ड्यात किंवा पिंपात कुजवावा, झाडीत उघडा टाकू नये. जंगलाला लागून असलेल्या इमारतींनी जाण्या-येण्याच्या वाटेला व मुलांच्या खेळाच्या जागेला लागून दाट झुडपे लावू नयेत; तेथे फुलझाडे गुडघ्याएवढी ठेवावीत.

माकडांना खाऊ देऊ नये. एकदा सवय लागली की ती घरात शिरतात, चावतात आणि मग त्यांनाच पकडण्याची मागणी होते. पारव्यांना दाणे टाकणेही टाळावे. त्यांची संख्या भरमसाट वाढते व त्यांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांचे विकार होऊ शकतात. साप दिसल्यास मारू नये व पकडण्याचा प्रयत्नही करू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. धामण उंदीर खाते व ती बिनविषारी आहे, परंतु ओळख पक्की नसल्यास दूर राहणेच बरे.

वसाहतीने काम कसे करावे?

एकट्याने कुंडी लावता येते, पण माळ्याची फवारणी थांबविण्यास सभेचा ठरावच लागतो. मावशीच्या संस्थेत पुढे हेच झाले. वार्षिक सभेत विषय निघाला तेव्हा काहींनी अळ्यांनी मुलांना खाज सुटेल अशी भीती व्यक्त केली. ती रास्त होती. केसाळ अळ्यांमुळे खाज सुटते हे खरे आहे, मात्र लिंबावरील अळी गुळगुळीत व निरुपद्रवी असते. अखेर वर्षभरासाठी एक कोपरा प्रयोग म्हणून राखण्याचे ठरले. अशा कामासाठी पुढील क्रम उपयोगी पडेल.

१) आवारात कोणती झाडे आधीपासून आहेत याची यादी करावी.
२) ठरलेल्या तारखांना होणारी फवारणी बंद करावी, कीड दिसल्यावरच व दिसली तेथेच उपाय करावा.
३) एक कोपरा "अळ्यांचा कोपरा" म्हणून राखून तेथे पाटी लावावी. पाटी नसल्यास नवा माळी तो पहिल्या दिवशी साफ करतो.
४) फांद्या छाटण्यापूर्वी घरटी पाहावीत. अनेक पक्ष्यांची वीण उन्हाळा ते पावसाळा या काळात होते व छाटणीही त्याच सुमारास होते. शहरातील झाडे तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवावे.
५) बागेतील दिवे गरजेपुरतेच व खाली प्रकाश पडेल असे लावावेत. रात्रभरच्या झगझगाटाने पतंग दिव्याभोवती फिरून मरतात.
६) नोंदवही ठेवावी. तारीख, झाड, दिसलेले फुलपाखरू किंवा पक्षी एवढे लिहिले तरी पुरे. ब्रिटनमध्ये घराघरांतील लोक १९७९ पासून दर जानेवारीत आपल्या बागेतील पक्षी मोजतात. त्यातूनच कोणता पक्षी कमी होत आहे हे कळते. आपल्याकडेही २०२० पासून सप्टेंबर महिन्यात फुलपाखरांच्या नोंदीची देशव्यापी मोहीम घेतली जाते. शाळकरी मुले हे काम मोठ्या आवडीने करतात.

कोकणातील बागायतदारांसाठी

शहरातील या कुंड्यांचे आपणांस काय, असा प्रश्न वाचकांस पडेल. पण बोरीवलीची वाडी कशी गेली ते आठवावे. आधी झाडांची कुंपणे गेली, मग पाणथळी गेल्या, शेवटी जमीन गेली. आपल्या वाडीत आज काय चालले आहे? करवंद, निरगुडी, अडुळसा यांच्या वईच्या जागी तारेचे कुंपण येत आहे. दगडी गडगा मोडून चिऱ्याची भिंत होत आहे. बांधावरील उंबर, भोकर अडगळ ठरत आहेत.

आंब्याच्या मोहोराचे परागीकरण मुख्यतः विविध प्रकारच्या माश्या व पोयाच्या मधमाश्या करतात. या माश्या कुजणाऱ्या पाल्यात, बांधावरील फुलांत व जुन्या झाडांच्या ढोलींत वाढतात. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक फवारले तर तुडतुड्यांबरोबर त्याही मरतात. म्हणून त्या अवस्थेत फवारणी शक्यतो टाळावी. लिंबाची व्यापारी बाग व रोपवाटिका असेल तर अळ्यांचे नियंत्रण करावेच लागेल. तेथे सुरुवातीस अंडी व अळ्या हाताने वेचणे हा स्वस्त उपाय आहे. परंतु घरामागील एखादे लिंबाचे झाड, बांधावरचे बेलाचे झाड सोडून द्यावे. आंब्यावरील बांडगूळ बागेत काढलेच पाहिजे, कारण ते झाडाचा अन्नरस शोषते. मात्र कॉमन जेझबेल या रंगीत फुलपाखराची अळी बांडगुळावरच वाढते, हे ठाऊक असलेला माणूस रानातल्या झाडावरील बांडगुळाच्या मागे लागणार नाही. कोठे काढावे आणि कोठे ठेवावे हे ठरविता येणे, यालाच जाणकारी म्हणतात.

समारोप

मावशीच्या संस्थेतील कोपऱ्यास आता काही वर्षे झाली. तेथे लिंबू, पानफुटी, सापसंद आणि एक बोर आहे. बोरीला अजून फळ आलेले नाही. कढीपत्त्याच्या कुंड्या दोन आहेत व त्यांतील एक नेहमी कुरतडलेली असते. गेल्या श्रावणात नीलवंत एक्झोऱ्यावर आले तेव्हा मावशीने फोन केला, पण त्या वेळी तिने कोणतेही औषध विचारले नाही.

वाचकांनी येत्या पावसाळ्यात आपल्या अंगणात, गच्चीत वा बांधावर एक झाड केवळ अळ्यांसाठी लावून पाहावे. त्याची पाने कुरतडलेली दिसली, तर प्रयोग यशस्वी झाला असे समजावे.